घाडीबुवांच्या पेटीची ओळखीची खूण

मी एक जुनी पेटी आहे, आणि माझा जन्म ईश्वराच्या सेवेसाठी झाला आहे. निदान माझ्या वरच्या भागाचा तरी. तळाच्या फळीचा जन्म व्हिस्कीच्या बाटल्या समुद्रापलीकडून मुंबईला सुखरूप पोचाव्यात, यासाठी झाला होता.

मित्रांनो, पेटी म्हणजे हार्मोनियम. मी कपड्यांची पेटी असते, तर माझ्या तळाला काय लिहिलं आहे हे कोणी विचारलं नसतं. माझ्या बाबतीत ते विचारलं गेलं, तेही पोलीस ठाण्यात, दिवसाढवळ्या, दोन भजनी मंडळांच्या देखत. त्या दिवसापासून मला मान वर करता येत नाही. मला मान नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

माझी घडण गिरगावातली. एका गल्लीच्या तोंडाशी करमरकर नावाच्या गृहस्थांचं पेट्यांचं दुकान होतं. हल्ली तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. करमरकर मनापासून काम करत. माझ्या सुरांच्या पितळी पात्या त्यांनी जर्मन घातल्या, अंग सागवानी केलं, पट्ट्या घासून घासून अशा गुळगुळीत केल्या की बोट ठेवताच पुढच्या स्वरावर घसरावं. सगळं झालं आणि तळाला लाकूड कमी पडलं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. शेजारी एका साहेबी दारूवाल्याचं गोदाम होतं. करमरकर तिथून एक मोडकं खोकं उचलून घेऊन आले. फळी हलकी, खडखडीत वाळलेली, परदेशी देवदाराची. तिच्यावर इंग्रजीत मोठ्या काळ्या अक्षरांत मालाचं नाव होतं, त्याखाली ‘काचसामान, सांभाळून’ अशी सूचना होती, आणि शेजारी घागरा नेसलेला एक मिशाळ पुरुष. करमरकरांनी छापील बाजू आत घातली, स्क्रू पिळले आणि स्वतःशीच म्हणाले, “आतून कोण बघतंय?”

दुसऱ्या दिवशी जे गिऱ्हाईक आलं, ते म्हणजे नाना घाडी. तेव्हा ते गिरणीत माग चालवत आणि लालबागला चाळीत राहत. मूळ गाव कातळवणे, कोकणात. गावाच्या वरच्या वाडीतले जेवढे लोक मुंबईत होते, त्यांचं एक भजनी मंडळ होतं आणि नाना त्याचे बुवा. बुवा म्हणजे जो पेटी वाजवतो, पुढचं गातो आणि मागच्यांच्या चुका काढतो. नानांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. चहापलीकडे कुठलंही पेय त्यांच्या ओठांना कधी लागलं नव्हतं. त्यांनी मला डोक्यावर घेतलं आणि गिरगावापासून लालबागपर्यंत चालत आणलं. नवी पेटी घरी नेताना ती वाहनात ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. तो पहिला आणि बहुधा शेवटचा.

मग कामाची वर्षं आली. दर गुरुवारी चाळीत भजन, गणपतीत जागरणं, गावाला गेलं की देवळात. मे महिन्यात लालबागच्या गल्ल्यांतून मिरच्या कुटल्या जायच्या आणि तो सगळा ठसका माझा भाता आत ओढून घ्यायचा. पुढे वर्षभर पहिल्या रांगेतले लोक अभंगाच्या पहिल्या ओळीला शिंकायचे. तरीही माझं नाव झालं. घाडीबुवांच्या पेटीचा गोडवा दुसऱ्या कुठल्या पेटीला नाही, असं चिंचपोकळीपासून परळपर्यंत बोललं जाऊ लागलं. त्याचं श्रेय लोक माळेला देत. “माणूस निर्व्यसनी असला की सुरात उतरतं,” असं म्हातारे एकमेकांना सांगत. मित्रांनो, गोडवा तळाच्या फळीचा होता. वाळलेलं परदेशी लाकूड तसंच बोलतं. पण मला हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी कुठल्या पट्टीत सांगणार होते?

गिरण्या गेल्या. नाना एका सहकारी बँकेच्या दारात रखवालदार म्हणून उभे राहिले. माझा भाता फाटला तेव्हा त्यांनी मला दादरला नेलं. हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांमागे एक दुरुस्तीवाला बसायचा. त्याने स्क्रू काढले, सुरांची पट्टी उचलून बाजूला ठेवली, आणि नाना आत वाकले. नाना दहावीपर्यंत शिकले होते. तेवढं इंग्रजी त्यांना पुरलं.

“फळी बदलून देऊ?” दुरुस्तीवाला म्हणाला. “सागवानी टाकतो. आवाज मात्र हा राहणार नाही, बुवा.”

नाना बाहेर गेले. चहा प्यायले. परत आले, पुन्हा आत वाकून बघितलं, पुन्हा बाहेर गेले. शेवटी येऊन म्हणाले, “ऱ्हवांदे.”

एवढं झाल्यावर त्यांनी पिशवीतून गावच्या रवळनाथाचा रंगीत फोटो काढला. देवळाचा जीर्णोद्धार नुकताच झाला होता आणि मुंबईतल्या प्रत्येक कातळवणेकराला असा एक फोटो मिळाला होता. नानांनी फळीला भरपूर डिंक लावला आणि ती अक्षरं, ती सूचना आणि तो घागऱ्यातला पुरुष यांच्यावर देवाची स्थापना केली. मग मला बंद करून घरी आणलं आणि गुरुवारच्या भजनाआधी सगळ्यांना सांगितलं की, पेटीच्या आत आपण एक गुप्त खूण केली आहे. चोरीला गेली तरी आता ओळखता येईल. बाहेर मंडळाचं नाव रंगवून घेऊ, असं कोणीतरी सुचवलं. नाना म्हणाले, “नाव देवाचा. आणि ता आत आसा.” गुप्त खूण काय आहे, ते अशा रीतीने गुरुवारपर्यंत सगळ्यांना कळलं.

आता शिवाबद्दल सांगायला हवं. शिवा आमचा पखवाजवाला. वीस-पंचवीस वर्षं माझ्या उजव्या अंगाला बसला. मी चुकले तर तो सावरून घ्यायचा, तो चुकला तर नाना माझ्याकडे बघायचे. एकदा तो मेहुण्याच्या हळदीहून थेट भजनाला आला. पखवाजाला कणीक लावायला वाकला आणि नानांचं नाक वर झालं.

“शिवा, ऊठ. देवासमोर ह्यो वास चालूचो नाय.”

“नानानू, एकच घेतलंय. आग्रह केल्यानी.”

“एक आणि धा सारख्याच. पखवाज ठेव आणि चलाक लाग.”

सगळ्या मंडळासमोर शिवा उठला. हात कणकेने भरले होते, ते त्याने धुतलेसुद्धा नाहीत. नाना पुढे व्यसनमुक्तीवर बराच वेळ बोलले, आणि बोलताना त्यांचा एक हात माझ्यावर होता. माझ्या पोटात एक अख्खं खोकं होतं आणि मी गप्प होते. नंतर शिवा खालच्या वाडीच्या मंडळात गेला. तेही कातळवण्याचंच, फक्त ओढ्याच्या पलीकडचं. त्यांचे बुवा हर्षवर्धन मेस्त्री. तरुण, इंजिनिअर, सदऱ्यावर जाकीट घालतात आणि गाताना डोळे मिटतात.

या दोन मंडळांची परळच्या एका हॉलमध्ये डबलबारी ठरली. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसतात, देवाचं नाव घेतात आणि एकमेकांचे वाभाडे काढतात. रविवारी दुपारी हॉल भरला होता. हर्षवर्धनबुवांनी अभंगातच नानांना विचारलं की, ज्याला आपला पखवाजवाला सांभाळता आला नाही, तो गजर काय सांभाळणार? नानांनी उलट गाऊन सांगितलं की, बाटलीशी सोयरीक असलेल्याला आमच्या दारात थारा नाही. टाळ्या पडल्या. समोर शिवा पखवाज वाजवत होता. त्याचा हात थांबला नाही, पण तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या काळ्या पट्ट्या पांढऱ्यांआड लपवता आल्या असत्या, तर मी लपवल्या असत्या.

बारी संपली. दोन्ही मंडळं टॅक्सीत बसून पांगली. वरच्या वाडीच्या पहिल्या टॅक्सीला वाटलं पेटी दुसरीत आहे, दुसरीला वाटलं पहिलीत आहे. मी होते तिसऱ्या टॅक्सीच्या डिकीत. तिच्या सज्जन टॅक्सीवाल्याने मला सरळ पोलीस ठाण्यात नेऊन दिलं. कुठल्या मंडळाला सोडलं, हे त्याला सांगता येईना. त्याला दोन्ही सारखीच दिसली होती: पांढरे सदरे, गंध आणि भांडणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरची वाडी ठाण्यात आली. तिच्या मागोमाग खालची. दोघांचीही पेटी सापडत नव्हती आणि टेबलावर पेटी एकच होती.

उपनिरीक्षक मेघना जाधव यांनी आधी वाजवून दाखवायला सांगितलं. दोन्ही बुवांनी वाजवलं. दोघेही चांगलं वाजवतात, त्यामुळे काहीच ठरलं नाही. नानांनी माझ्या डाव्या कोपऱ्यावरचा चरा दाखवला. तोच चरा हर्षवर्धनबुवांनीही आपला म्हणून ओळखला. ते खोटं बोलत नव्हते. वस्तू हरवली की माणसाला कुठलाही चरा ओळखीचा वाटतो.

“मॅडम, आत गुप्त खूण आहे,” नाना म्हणाले. “आमच्या गावच्या रवळनाथाचा फोटो. उघडून बघा.”

हर्षवर्धनबुवा चमकले. “अहो, आमच्यापण पेटीत रवळनाथच आहे!”

“तुमच्यात कसा येतलो?”

“कसा म्हणजे? जीर्णोद्धाराचा फोटो. ते तुम्हालाच दिले का काय?”

उपनिरीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, माझे वडील गाण्याच्या पार्टीत पेटी वाजवायचे. त्यांच्या पेटीत बाबासाहेबांचा फोटो आहे. मग ती पेटी मी बाबासाहेबांची म्हणून लिहू का? फोटो सगळेच लावतात. दुसऱ्या कोणाकडे नसेल अशी खूण सांगा. नाहीतर ही मुद्देमालात जाईल. पुढे कोर्ट बघून घेईल.”

मुद्देमालाची खोली मी रात्रभर बघितली होती. तिथे एक सतार आहे. तिच्या भोपळ्यात उंदरांचं बिऱ्हाड आहे.

सगळे नानांकडे बघू लागले. नाना जमिनीकडे बघू लागले. बाकावर त्यांच्या पत्नी राधाकाकू बसल्या होत्या. त्यांचे वडील दारूपायी गेले. माळ बघून त्यांनी नानांना होकार दिला होता, आणि हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

“सांगा की,” राधाकाकू म्हणाल्या. “आत देवाशिवाय आणखी काय आसतला? काय आसा ता सांगा.”

नानांनी माझ्यावरचा हात काढून घेतला.

“मॅडम,” ते म्हणाले, “आमची नसेल ही. देऊन टाका त्यांका.”

मित्रांनो, माझी फळी मला आधीपासून माहीत होती. तिची लाज वाटायची, पण सवयीची होती. जिने डोक्यावरून गिरगाव ते लालबाग प्रवास केला, तिला त्याच माणसाने ‘आमची नसेल’ म्हणावं, ही लाज नवी होती. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मीही मला ओळखलं नसतं.

वरच्या वाडीत गलका झाला. “नाना, काय बोलतास? आपलीच आसा ती!” खालच्या वाडीचे लोक मला उचलायला पुढे सरकले. हर्षवर्धनबुवा फार खूश झाले होते, आणि खूश झाले की ते योजना सांगतात. “आता ही भानगडच नको,” ते म्हणाले. “नेली की पहिली पूर्ण उघडायची. हल्ली वाद्यांत बसवायची चिप मिळते, नाहीतर जांभळ्या उजेडातच दिसणारी शाई. नंबर टाकून घेऊ. आणि तो फोटो सोडवून फ्रेम करू. देव असा अंधारात बरा नाही.”

“थांबा,” नाना म्हणाले.

इथे नानांचं माझ्यावरचं प्रेम उफाळून आलं, असं सांगायला मला आवडलं असतं. थोडं आलंही असेल. पण फोटो तिकडे सुटला असता तरी खालचं दिसलंच असतं, आणि तेही त्यांच्या माघारी, हेही त्यांना त्याच क्षणी उमगलं होतं.

“फोटोच्या खाली आसा,” ते म्हणाले.

“काय आहे?”

नाना काहीतरी पुटपुटले.

“मोठ्याने बोला हो आजोबा, लिहून घ्यायचंय.”

“दारूच्या खोक्याची फळी,” नाना म्हणाले. “व्हिस्कीच्या. नाव लिवलेला आसा. माका ठावक होता.”

मग माझे स्क्रू निघाले. माझी सुरांची पट्टी कोणाच्या तरी टिफिनशेजारी ठेवली गेली. दोन मंडळं, पंच म्हणून आणलेला चहावाला, पासपोर्टच्या कामासाठी आलेलं एक नवं जोडपं, सगळे माझ्यावर वाकले. माणसाची ओळखीची खूण डाव्या गालावरचा तीळ असते. माझी अशा जागी होती की, ती दाखवायला मला पुरतं उघडं व्हावं लागलं.

हवालदाराने फोटोच्या कोपऱ्याला नख लावलं.

“देवाक फाडू नको,” शिवा म्हणाला. तो इतका वेळ दाराशी उभा होता. त्याने रुमाल ओला केला, फोटोवर ठेवला, डिंक मऊ होईपर्यंत थांबला आणि रवळनाथाला एका बाजूने हलकेच सोडवत आणलं. खालून आधी मिशा दिसल्या, मग घागरा.

“ही बाई कोण?” चहावाल्याने विचारलं.

“बाई नाही, मिशी बघा,” हवालदार म्हणाला.

मग अक्षरं आली. सगळी, ठळक, जशीच्या तशी. डिंकाने त्यांना इतकी वर्षं छान जपलं होतं. उपनिरीक्षक बाईंनी ती मोठ्याने वाचली, कारण पंचनाम्यात तसं करावं लागतं. खालच्या वाडीतून कोणीतरी फसकन हसलं. हर्षवर्धनबुवांनी त्याला दटावलं आणि मग स्वतः तोंड फिरवून खांदे हलवत उभे राहिले.

शिवा हसला नाही. नानांसमोर येऊन म्हणाला, “नानानू, इतकी वरसा हिच्यार हात ठेवन देवाचा नाव घेतलास. माका एका घोटासाठी काढलास.”

नानांची माळ सदऱ्याच्या आत सरकली होती. ती त्यांनी आतच राहू दिली.

“येत्या गुरुवारी ये,” शेवटी ते म्हणाले.

“बघूया,” शिवा म्हणाला आणि ओला रुमाल पिळत बाहेर गेला.

राधाकाकू उठल्या. त्यांनी ओला फोटो हातात घेतला, पदरात गुंडाळला आणि नानांसाठी न थांबता चालू लागल्या. नानांनी सही केली, मला उचललं. डोक्यावर नव्हे, बगलेत. तळ आपल्या अंगाकडे करून.

आता मी पुन्हा लालबागच्या खोलीत आहे. गुरुवारी भजन होतं, पण मंडळात माझं नाव बदललं आहे. “जरा खंबा सरकव इकडे,” असं मागचे लोक म्हणतात. खंबा म्हणजे दारूची मोठी बाटली, हे मला ठाण्यातल्या हवालदारामुळे कळलं. नाना ऐकल्यासारखं दाखवत नाहीत. व्यसनमुक्तीवर ते आता बोलत नाहीत, त्यामुळे भजन लवकर संपतं. कोणी माझ्या गोडव्याची तारीफ केली की नाना घाईघाईने पुढचा अभंग धरतात आणि माझा भाता वाजवीपेक्षा जोरात ओढतात. ती तारीफ खरी आहे, हे आम्हा दोघांनाच माहीत आहे, आणि त्याचीच आम्हा दोघांना लाज वाटते. शिवा अजून आलेला नाही. त्याची जागा माझ्या उजव्या अंगाला मोकळी असते. तिथे कोणी बसत नाही, चपलाही ठेवत नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वाद्यांची काळजी घ्या. त्यांना ओल लागू देऊ नका, मिरच्या कुटताना त्यांच्यावर चादर घाला. खूण करायची असेल तर बाहेर करा, सगळ्यांना दिसेल अशी, आणि आपल्या नावाने करा. देवाच्या नावामागे आपली लाज ठेवली की, एखाद्या दिवशी दोघांनाही पंचांसमोर उभं राहावं लागतं. आणि कोणाला भजनातून उठवण्याआधी आपली फळी एकदा उलटून बघा. तिच्यावर काही लिहिलेलं असेल तर त्याला निदान हात धुऊ द्या.

खालच्या वाडीची पेटी त्याच आठवड्यात सापडली. त्यांच्या मंडळात दीपक नावाचा टाळकरी आहे, भायखळ्याला राहतो. बारी संपल्यावर त्याने ती स्वतःच्या गाडीतून घरी नेली होती आणि पलंगाखाली ठेवली होती. त्याला कोणी विचारलं नव्हतं.